अकरा मिनिटांचा बर्फ

मित्रा,

बहिणीला लिहायच्या पत्रात आधी घरचं सांगतो. काल सकाळी तुझ्या वहिनीने विचारलं, "चहा टाकू का?" आणि मी मोजायला लागलो. एक, दोन, तीन. सातपर्यंत पोचलो तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. "अहो, चहाच विचारला मी," ती म्हणाली आणि आत गेली. चहा टाकला तिने. 

कामावरही तेच. इथे आखातात, मनामाजवळ सित्र्याला आमच्या वर्कशॉपमध्ये कोणी विचारतं, हा दाबाचा गेज तपासून झाला का, आणि माझ्या डोक्यात स्टॉपवॉच सुरू होतं. उत्तर तोंडाशी असतं. पण त्याच्या आधी तुझा आवाज येतो, "दादा, थांब. अजून तीन सेकंद." मी थांबतो. समोरचा माझ्याकडे बघत राहतो. परवा फोरमनने मला बाजूला घेऊन सांगितलं, आणखी आठ दिवस सुट्टी घे. मी नको म्हणालो. हे उत्तर मात्र लगेच दिलं.

शुक्रवारी तुझ्यामागे केलेल्या पुण्यानुमोदनाला घर भरलं होतं. तुझा नवरा मार्टिन सगळ्यांबरोबर खाली मांडी घालून बसला, जमेल तेवढं त्रिसरण म्हणाला. लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलले. नागपूरची मुलगी, इथल्या शाळेत गणित शिकवलं, लग्न करून जर्मनीला गेली, तिथेही शिक्षिका होणार होती. मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर मी उभा राहिलो आणि बसलो. तू मला विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर राहिलं आहे. ते दिल्याशिवाय दुसरं काही बोलणं मला बरोबर वाटलं नाही.

आखाती युद्ध संपलं त्या वर्षी तू जर्मनीला गेलीस. तुझ्याकडे बी.एस्सी., बी.एड. आणि चार वर्षांचा अनुभव होता. मी हिशोब मांडला होता, भाषेला एक वर्ष, मग नोकरी. तुझं पहिलं पत्र आलं त्यात लिहिलं होतं, "दादा, इथे एका विषयाचा शिक्षक चालत नाही. दोन विषय लागतात, आणि दोन्ही विद्यापीठात पूर्ण शिकावे लागतात. माझं गणित त्यांनी अर्धं धरलं. भौतिकशास्त्र पहिल्यापासून. मग पहिली राज्य परीक्षा. मग दोन वर्षं शाळेत उमेदवारी, आणि मग दुसरी राज्य परीक्षा. तेव्हा कुठे शिक्षक." मी बेरीज केली. सात वर्षं. मी उलट पत्र लिहिलं की हा वेडेपणा आहे, तू आधीच शिक्षिका आहेस. तू एका ओळीत उत्तर दिलंस, "ते मला शिकवायला शिकवणार आहेत, बघू तरी."

विद्यापीठाची वर्षं तू बिनबोभाट काढलीस. तुझं अडलं ते उमेदवारीत. तिथे दर काही आठवड्यांनी तुझ्या प्रशिक्षक बाई वर्गात मागे येऊन बसायच्या, एक शब्द न बोलता लिहीत राहायच्या आणि नंतर तासाची चिरफाड करायच्या. पहिल्याच तासानंतर त्यांनी तुला आकडा दिला. पंचेचाळीस मिनिटांपैकी एकतीस मिनिटं तू बोललीस. प्रश्न विचारलास आणि दोन सेकंदांत स्वतःच उत्तर दिलंस. असं चौदा वेळा.

"दादा, मला रडू आलं," फोनवर तू म्हणालीस. "मी चांगली शिक्षिका आहे असं समजत होते ना मी."

"तुझ्या त्या बाईंच्या वर्गात पोरं किती?"

"सव्वीस."

"इथे तुझ्या वर्गात अठ्ठेचाळीस होती. अठ्ठेचाळीस पोरांपुढे तोंडाकडे बघत थांबलीस तर पोर्शन कोण संपवणार? सांग त्यांना."

"पोर्शन संपतो रे. पोरांना काही येत नाही."

हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. मी म्हणायचो, थांबणं ही सव्वीस पोरांची चैन आहे. तू म्हणायचीस, अठ्ठेचाळीस असतील तर अठ्ठेचाळीस जणांसाठी थांबावं लागतं, एवढाच फरक. दर सुट्टीत तू इथे यायचीस आणि आपण तिथूनच पुढे भांडायचो.

आणि तास घ्यायचीस. मनामातल्या या फ्लॅटचा हॉल म्हणजे तुझा सातवीचा वर्ग. विद्यार्थी तीन: तुझी वहिनी, आमची रमा आणि खालच्या मजल्यावरचे काझीभाई. सुकमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात, भांड्यांचं दुकान चालवणारा रत्नागिरीचा साठीचा माणूस, पण तुझ्या तासाला दुकान पुतण्यावर सोपवून यायचा. चौथा विद्यार्थी मी होतो. तू मला दुसऱ्याच दिवशी वर्गातून काढलंस.

"तू सगळ्यांच्या आधी उत्तर देतोस," तू म्हणालीस.

"बरोबर देतो ना?"

"तोच त्रास आहे. ऊठ, मागे फ्रिजपाशी स्टुलावर बस. तू परीक्षक. परीक्षक बोलत नाहीत. मी प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबते ते लिही."

काझीभाई माझ्याकडे बघून हसले. "मास्तरीणने भावाला नापास केला की हो."

तुझा तो तासाचा कागद मी कधी विसरणार नाही. उभे रकाने. पहिल्यात मिनिटं, दुसऱ्यात तू काय करणार, तिसऱ्यात मुलं काय म्हणतील, चौथ्यात साधनं. मुलं काय म्हणतील हे आधी लिहून ठेवायचं, चुकीची उत्तरंसुद्धा. आमच्यासाठी तू मराठीत लिहायचीस. "वहिनी: मला काय कळतंय. (थांबणे.)" "रमा: इंग्लिशमध्ये, घाईने." "काझीभाई: सांगता येत नाही." आणि माझ्या नावापुढे, मला काढायच्या आधी, "दादा लगेच सांगेल. लक्ष देऊ नये."

मी वर्कशॉपमधून स्टॉपवॉच आणलं. पहिल्या सुट्टीत तुझी सरासरी अडीच सेकंद होती. मागच्या उन्हाळ्यात ती सहाच्या वर गेली. माझ्या वहीत सगळं आहे. सहा सेकंद ऐकायला काहीच नाहीत. पण प्रश्न विचारून सहा सेकंद गप्प उभं राहून बघावं. अंगावर येतात. तू ओढणीचं टोक मुठीत धरायचीस. मला मागून दिसायचं.

बर्फाचा तास त्याच उन्हाळ्यातला. ए.सी.च्या घरघरीत आवाज पोचत नाही म्हणून तू तो बंद केलास. ऑगस्टमध्ये. काझीभाई रुमालाने मान पुसत बसले. तू स्टीलचं पातेलं काठोकाठ भरलंस आणि वाटीत गोठवलेला बर्फाचा गोळा त्यात अलगद सोडलास. जास्तीचं पाणी खाली ताटात सांडलं, ते काढून टाकलंस. बर्फाचं डोकं पाण्याबाहेर.

"आता हा वितळला की पाणी सांडेल, कमी होईल, का तेवढंच राहील?"

"ओव्हरफ्लो. ऑब्व्हियसली," रमा म्हणाली.

"सांडणार," काझीभाई म्हणाले. "डोका बाहेर काढून बसलाय तो. खाली उतरला की जागा मागणार ना."

"मला काय कळतंय," तुझी वहिनी म्हणाली.

तू काही बोलली नाहीस. मी मोजत होतो. तोंडात उत्तर घेऊन बसलो होतो, पण परीक्षक होतो. नवव्या सेकंदाला तुझी वहिनी हळूच म्हणाली, "जेवढा बुडालाय तेवढी जागा त्याने आधीच घेतलीय ना? बाहेरचं डोकं ते फुगलेलं. पाणी झालं की बसेल तेवढ्यातच."

मित्रा, आमच्या लग्नाला तेव्हा सतरा वर्षं झाली होती. ती असा विचार करू शकते हे मला माहीत नव्हतं. मी कधी नऊ सेकंद थांबलोच नव्हतो.

बर्फ वितळत आला तशी पातेल्याच्या बाहेरून पाण्याची धार लागली. काझीभाई उठलेच. "हे बघ, सांडला. हरलीस मास्तरीण." तू इतकी खूश झालीस. म्हणालीस, "काझीभाई, हे उत्तर माझ्या कागदावर नाही. पुसा." त्यांनी रुमालाने पातेलं बाहेरून पुसलं. पुन्हा ओलं झालं. पुन्हा पुसलं. "आतून येतंय का बाहेरून?" तू विचारलंस आणि थांबलीस. हवेतली वाफ थंड पातेल्यावर बसते, हे त्यांनी चौथ्या वेळी पुसताना स्वतः सांगितलं.

मी वहीत लिहिलं, बर्फ पूर्ण वितळायला अकरा मिनिटं. तू तोच आकडा तुझ्या रकान्यात उतरवलास.

नोव्हेंबरात तू तो तास जर्मनीत घेतलास. मागे प्रशिक्षक बाई आणि मुख्याध्यापक. अकरा मिनिटं झाली, बर्फ तसाच. वीस झाली. तुझा पुढचा सगळा तास वितळलेल्या बर्फावर उभा होता. तू घाबरलीस आणि जुनी सवय वर आली. बोलत सुटलीस. घंटा झाली तेव्हा अर्धा बर्फ पाण्यात तरंगत होता. शेरा मिळाला, वेळेचं नियोजन अपुरं.

मी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "पाणी किती डिग्री होतं?"

"नळाचं. दहा असेल."

 आपल्याकडे ऑगस्टमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी अडतीसला असतं. दहा डिग्रीच्या तेवढ्या पाण्यात तेवढा बर्फ वितळेल एवढी उष्णताच नसते. मी थर्मामीटर तपासून पोट भरणारा माणूस. तापमान लिहिल्याशिवाय मी कोणताही आकडा सही करून देत नाही. तुला दिला.

तू खोकला येईपर्यंत हसलीस. "दादा, तुझी आयुष्यातली पहिली चूक आणि ती माझ्या तासाला."

"हसू नकोस. माझ्यामुळे गेलं तुझं."

"भौतिकशास्त्राची बाई मी आहे की तू? मला कळायला नको? बरं ते जाऊ दे, दुसऱ्या दिवशी एक गंमत झाली."

"गंमत राहू दे. पातेल्यात पाणी किती होतं, लिटरमध्ये सांग."

तू सांगितलंस. मी गुणाकार केला आणि चूक माझी हे सिद्ध केलं. गंमत काय झाली ते मी विचारलं नाही. पुढेही नाही.

या जुलैत तू आलीस तेव्हा एकच गोष्ट उरली होती, सप्टेंबरातला भौतिकशास्त्राचा परीक्षेचा तास. गणिताचा झाला होता. तू बारीक झाली होतीस, जिना चढताना दोनदा थांबायचीस. लहानपणीच्या तापाने तुझ्या हृदयाची झडप खराब झाली होती हे आपल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत असण्याची सवय झाली होती. पाचव्या दिवशी तुला सलमानिया हॉस्पिटलात दाखल केलं. मार्टिन मिळेल त्या विमानाने आला. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. तू बारा दिवस होतीस.

अकराव्या दिवशी, बुधवारी, संध्याकाळच्या भेटीच्या वेळेला मी कंपनीच्या बसमधून परस्पर तिकडे आलो. मार्टिन चहा प्यायला खाली गेला. तुझ्या नाकाला नळी होती, पण बोलणं स्पष्ट होतं. तू रमाची चौकशी केलीस. काझीभाईंनी पाठवलेले खजूर मी उशाशी ठेवले. मग तू म्हणालीस,

"दादा, तू दोन वर्षं मागे बसून बघितलंस. एक सांग. मला शिकवता येतं का? आकड्यात नको सांगू."

आणि तू थांबलीस. तुला शिकवलं होतं तसं, माझ्याकडे बघत, घाई न करता.

उत्तर माझ्याकडे होतं. दोन सेकंदांत होतं. जन्मभर मी असाच पटकन बोललो असतो. पण मला वाटलं, लगेच हो म्हटलं तर ते आजारी माणसाला दिलेलं उत्तर होईल. तू ते ओळखशील. तुला खरं हवं होतं. म्हणून मी विचार करायला लागलो. एकतीस मिनिटं आठवली, नोव्हेंबरचा शेरा आठवला, ओढणीचं टोक आठवलं. आकड्यात नको म्हणालीस आणि माझ्याकडे आकड्यांशिवाय काही नव्हतं. माझी नजर सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. तेही तू पाहिलंस. बावीस सेकंद. मग नर्स आली, हसत म्हणाली, "यल्ला बाबा, टाइम खलास."

"उद्या सांग," तू म्हणालीस. "नीट विचार करून सांग."

मी मान हलवली. बसस्टॉपपर्यंत चालत आलो, पूर्ण रस्ता वाक्य जुळवत होतो. चांगलं वाक्य झालं होतं. गुरुवारी उजाडताना मार्टिनचा फोन आला.

दोन वर्षं तू मला एकच गोष्ट शिकवत होतीस, की उत्तर देण्याची घाई करू नकोस. ती मी ज्या दिवशी शिकलो, तो दिवस चुकीचा होता. हे मी कोणालाच सांगू शकत नाही. तुझ्या वहिनीला सांगायला लागलो तर ती म्हणाली, "मित्राला माहीत होतं हो तुमचं उत्तर." असेल. पण तुझ्या कागदाच्या तिसऱ्या रकान्यात, माझ्या नावापुढे, ते उत्तर लिहिलेलं तिने पाहिलेलं नाही आणि मीही नाही.

मार्टिन परत जाण्याआधी तुझी फाइल घेऊन बसला. सप्टेंबरच्या तासाचा कागद तू पूर्ण केला होतास. तो जर्मन वाचून मला इंग्लिशमध्ये सांगत होता. तोच बर्फ. तेच पातेलं. साधनांच्या रकान्यात पाण्याचं तापमान, दहा डिग्री. मिनिटांच्या रकान्यात मी शोधत होतो की बर्फ कितव्या मिनिटाला वितळणार. तसा आकडा कुठेच नव्हता. शेवटच्या ओळीत होतं: मिनिट चव्वेचाळीस, बर्फ अजून आहे. उत्तर सांगायचं नाही. घंटा होऊ द्यायची.

आणि समासात पेन्सिलने, मराठीत: "नोव्हेंबरात दुसऱ्या दिवशी सव्वीसपैकी एकोणीस पोरं घरी बर्फ ठेवून पाहून आली. कोणी सांगितलं नव्हतं. दादाला सांगायचं."

मार्टिनने विचारलं काय लिहिलंय. मी मोजत बसलो. किती मोजलं ते वहीत नाही.

काल दुपारी कामावरून थर्मामीटर आणला. फ्रिजमधलं पाणी दहा डिग्रीवर येऊ दिलं, पातेलं काठोकाठ भरलं, वाटीतला बर्फ सोडला. रमा शाळेतून आली, दप्तर खांद्यावर तसंच. विचारलं, "बाबा, हाउ लाँग विल इट टेक?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. हे शब्द तिने माझ्या तोंडून पूर्वी ऐकले नसावेत. मग फ्रिजपाशी ठेवलेलं ते स्टूल ओढून ती माझ्याशेजारी बसली. पंचेचाळीस मिनिटं झाली, बर्फ होता. थोड्या वेळाने तुझी वहिनी येऊन बसली.  मला दोनदा वाटलं की मागून तू पावलं न वाजवता येऊन उभी आहेस आणि आम्ही तिघं काय म्हणतो याची वाट बघते आहेस. मी वळून पाहिलं नाही. परीक्षक वर्गात असला की मुलांनी मागे बघायचं नसतं, हे तूच सांगितलं होतंस.

मित्रा, तू विचारलंस त्याला आज एकवीस दिवस झाले. तुला शिकवता येतं. हे उत्तर मला त्या बुधवारी दुसऱ्या सेकंदाला माहीत होतं आणि एकविसाव्या दिवशीही तेच आहे, फक्त आता मी तपासून सांगतो आहे.

त्या रात्री उत्तरासाठी तू किती थांबलीस, ते मात्र मला मोजता आलेलं नाही.